तंतुपिकांतील दिनमान-निरपेक्ष फुलोरा : एका प्रजनन-उद्दिष्टाची चिकित्सा

प्रस्तावना :

पदवी वर्गात फुलोऱ्याचा धडा आला की फळ्यावर तीन रकाने आखले जातात : लघुदिनी वनस्पती, दीर्घदिनी वनस्पती आणि दिनमान-निरपेक्ष वनस्पती. तिसऱ्या रकान्यात टोमॅटो, काकडी यांच्या पंगतीला कापूस बसवला जातो. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढे तोच विद्यार्थी शिक्षक झाला की तेच रकाने पुन्हा आखतो. विधान चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ते कापसाच्या एका अवस्थेविषयीचे विधान आहे, कापूस या वनस्पतीविषयीचे नव्हे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जे घडवले ते वनस्पतीचा उपजत स्वभाव म्हणून शिकवले जाते, तेव्हा घडवण्याची प्रक्रिया, तिची किंमत आणि तिच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी दृष्टीआड होतात.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे. फुलोरा दिनमानाच्या बंधनातून मोकळा करणे हे तंतुपिकांच्या प्रजननातील एक प्रगत उद्दिष्ट मानले जाते. कापसाच्या बाबतीत ते बव्हंशी खरे ठरले. मात्र ज्यूट, अंबाडी, भांग या खोडापासून तंतू देणाऱ्या पिकांना तेच माप लावणे कितपत योग्य आहे, आणि खुद्द कापसातही हे उद्दिष्ट साधताना काय गमावले गेले, हे पाहणे आवश्यक ठरते. ‘प्रकाशकाल’, ‘दीप्तिकाल’ असे पारिभाषिक शब्द उपलब्ध असताना येथे ‘दिनमान’ हा पंचांगातला शब्द योजला आहे, कारण शेतकऱ्याला आणि प्राध्यापकाला तो सारखाच कळतो. वनस्पती प्रत्यक्षात दिवस मोजत नसून रात्रीची अखंड लांबी मोजते, ही दुरुस्ती मनात ठेवली म्हणजे पुरे.

संकल्पनेचा उगम :

दिनमान आणि फुलोरा यांच्या संबंधाचे श्रेय सामान्यतः गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातील दोन शास्त्रज्ञांना दिले जाते. ‘मेरीलँड मॅमथ’ या तंबाखूच्या वाणावरील त्यांचे काम १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते श्रेय अनाठायी नाही. परंतु त्याआधी, १९१२ ते १९१४ या काळात, फ्रान्समध्ये ज्युलियाँ तुर्न्वा हा तरुण संशोधक भांग आणि हॉप या वनस्पतींवर काम करीत होता. हिवाळ्यात काचगृहात वाढवलेली भांगेची रोपे अगदी लहान असतानाच फुलतात, हे त्याने पाहिले. त्याचे कारण दिवस आखूड होणे हे नसून रात्र लांबणे हे असावे, इथपर्यंत त्याचा तर्क पोहोचला होता. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये तो मारला गेला आणि काम तिथेच थांबले. या शास्त्राची पहिली स्पष्ट जाण तंबाखूतून नव्हे तर एका तंतुपिकातून आली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या तळटिपेतही क्वचितच आढळते.

कापूस : बियांवरचा तंतू :

कापसाच्या सुमारे पन्नास प्रजातींपैकी चार माणसाने लागवडीखाली आणल्या. त्यांतील अमेरिकी कापूस, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम, आज जगातील कापूस उत्पादनाचा फार मोठा भाग व्यापतो. या प्रजातीचे रानटी व अर्धरानटी प्रकार मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे या पट्ट्यातले. ही झाडे बहुवर्षायू, झुडपासारखी किंवा लहान वृक्षासारखी असून त्यांना फूल येते ते दिवस लहान होऊ लागल्यावर. हचिन्सन यांनी १९५१ मध्ये या प्रजातीचे सात वंश वेगळे मांडले. युकातानेन्से, पंक्टाटम, मारी-गालांत, लॅटिफोलियम ही त्यांतली काही नावे कापूस प्रजननाच्या लेखनात आजही वापरली जातात.

अशा झाडाचे बी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेरले तर काय होते, याचे उत्तर कापसाच्या फांद्यांमध्ये आहे. विदर्भातील शेतकरी ज्यांना गळफांद्या आणि फळफांद्या म्हणतो, तो भेद इथे निर्णायक ठरतो. उन्हाळ्यातील मोठ्या दिवसांत दिनमान-संवेदनशील झाड केवळ गळफांद्या काढत राहते आणि उंच व हिरवेगार वाढते. फळफांदी निघत नाही, त्यामुळे पात्याही लागत नाहीत. दिवस पुरेसे लहान होईपर्यंत शरद ऋतू येतो, पाठोपाठ हिमतुषार पडतो आणि बोंड पिकण्याआधीच झाड मरते. म्हणजे समशीतोष्ण प्रदेशात कापूस पिकवायचा असेल तर दिनमानाची अट मोडणे ही चैन नव्हती. पीक येणे अथवा न येणे हाच प्रश्न होता.

ही अट प्रथम कोणत्याही प्रयोगशाळेत मोडली गेली नाही. १७८६ च्या सुमारास बहामा बेटांतून आलेले बार्बाडेन्स कापसाचे बी जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पेरले गेले. पहिल्या वर्षी बोंडे पिकण्यापूर्वीच थंडी आली. हिवाळा सौम्य गेला तिथे बुडखे जगले, वसंतात पुन्हा फुटले आणि दुसऱ्या हंगामात लवकर फुलून थोडे बी देऊन गेले. त्या थोड्या बियांतून पुढे ‘सी आयलंड’ या जगातील अत्यंत तलम कापसाची परंपरा उभी राहिली. निवड केली ती हवामानाने, आणि जे उरले ते जपून ठेवण्याची अक्कल मळेवाल्यांनी दाखवली. मळ्यांवर प्रत्यक्ष राबणारे हात गुलामांचे होते. बी वेचणे, वाळवणे, राखणे ही कामे त्यांनीच केली असणार. पण वाण-इतिहासाच्या लेखनात मळेवाल्यांचीच नावे येतात. हा दोष केवळ त्या काळाचा नाही, इतिहास लिहिणाऱ्यांचाही आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गुणाचे आनुवंशिक स्वरूप मात्र धूसरच होते. लुईस, रिचमंड आणि कोहेल यांनी १९५७ ते १९६५ या काळात कापसाच्या फुलोऱ्याच्या आनुवंशिकतेवर जी लेखमाला प्रसिद्ध केली, ती आजही मुळातून वाचण्याजोगी आहे. तिचे महत्त्व तिच्या एखाद्या निष्कर्षापेक्षा तिच्या सावधपणात आहे. १९६२ च्या लेखात टेक्सस ८६ या लॅटिफोलियम वंशातील नमुन्याचा संकर लागवडीच्या कापसाशी करून दिनमान-संवेदनशीलता ही संख्यात्मक गुण म्हणून तपासली आहे. ‘दिनमान-निरपेक्षतेचे जनुक’ असा एकवचनी शब्दप्रयोग नंतरच्या लेखनात सहजपणे होऊ लागला, त्याला या मालेचा आधार मिळत नाही.

जनुकसाठ्याचे रूपांतर आणि त्यातील गळती :

दिनमान-निरपेक्ष वाण रूढ झाल्याने कापसाचे पीक जगभर पसरले, पण त्याबरोबर एक दार बंद झाले. रानटी वंशांमध्ये किडी, सूत्रकृमी व रोग यांना तोंड देणारे गुण आहेत, तंतूच्या गुणवत्तेतही विविधता आहे. मात्र प्रजनकाच्या शेतात ही झाडे फुलतच नाहीत, तर संकर करायचा कसा? यावर मिसिसिपी राज्यातील कृषी संशोधकांनी, प्रामुख्याने मॅककार्टी आणि जेन्किन्स यांनी, रूपांतराचा मार्ग काढला. डेल्टापाईन १६ या दिनमान-निरपेक्ष वाणाशी रानटी नमुन्याचा संकर करायचा, दुसऱ्या पिढीत मिसिसिपीच्या मोठ्या दिवसांत जी झाडे फुलतील ती निवडायची, आणि त्यांचा पुन्हा मूळ रानटी नमुन्याशी संकर करायचा. हे चक्र अनेकदा फिरवले की झाड बव्हंशी रानटी राहते, फुलोरा तेवढा लागवडीच्या कापसासारखा होतो. या पद्धतीचा वृत्तांत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९३ मध्ये अशा ७९ वंशावळींची नोंदणी झाली.

चिकाटीच्या दृष्टीने या कामाला तोड नाही. तरीही त्याच्या रचनेतच एक उणीव आहे, आणि ती ठळकपणे मांडली जात नाही. प्रत्येक फेरीत निवडीची कसोटी एकच असते : झाड फुलले की नाही. जी झाडे फुलतात ती सर्व डेल्टापाईन १६ कडून आलेले गुणसूत्राचे काही तुकडे बाळगतात, आणि त्या तुकड्यांना लागून असलेले बाकीचेही ओढले जाते. अर्थात त्या जागेवर रानटी नमुन्यात जे होते ते नेमके गळून पडते. शिवाय रानटी नमुना म्हणजे एकजिनसी वाण नव्हे. त्याच्या अंतर्गतही विविधता असते आणि पुन्हापुन्हा मोजकी झाडे निवडल्याने ती आकसते. ज्या विविधतेसाठी खटाटोप आरंभला तीच चाळणीतून गाळली जाते. रूपांतरित वंशावळी म्हणजे मूळ संग्रहाचा अनुवाद आहे. अनुवाद उपयुक्त असतो, पण मूळ प्रत जाळून टाकण्याइतका विश्वास त्यावर ठेवता येत नाही.

नॉर्थ टेक्सस विद्यापीठातील मॅकगॅरी आणि एअर यांनी २०१२ मध्ये मांडलेला मार्ग या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. फुलोऱ्याचा संकेत देणारे अॅराबिडॉप्सिस या वनस्पतीचे जनुक त्यांनी एका निर्बल केलेल्या विषाणूवर लादून दिनमान-संवेदनशील कापसात पोहोचवले, तेव्हा ते झाड मोठ्या दिवसांतही फुलले. झाडाच्या स्वतःच्या जनुकसंचाला हात न लावता फूल मिळवणे ही यातली खरी गोम. याने संकराची अडचण सुटते; तथापि संकरातून येणाऱ्या संततीत रानटी पालकाचे संवेदनशीलतेचे जनुक उतरतातच, आणि निवडीचा प्रश्न एक पायरी पुढे ढकलला जातो. त्याच गटाच्या २०१६ मधील कामाने फुलण्याचा संकेत आणि वाढीचा संकेत यांचा तोल झाडाची ठेवणही ठरवतो हे दाखवले. म्हणजे फुलोरा हा एक सुटा गुण समजून तेवढाच बदलता येईल, ही अपेक्षा शरीरक्रियेच्या पातळीवरही भाबडी ठरते.

ज्यूट आणि अंबाडी : खोडातला तंतू :

आतापर्यंतचे विवेचन बियांवरच्या तंतूचे झाले. कापसात फूल नाही तर बोंड नाही आणि बोंड नाही तर तंतू नाही. खोडाच्या सालीतून तंतू मिळतो त्या पिकांत हा संबंध उलटा होतो. तिथे फूल येणे म्हणजे उंचीची वाढ थांबणे, फांद्या फुटणे आणि तंतू आखूड व गाठाळ होणे. (मराठीत ‘ताग’ हा शब्द ज्यूट आणि हिरवळीच्या खताचा बोरू या दोहोंसाठी वापरला जातो; घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘ज्यूट’ म्हटले आहे.)

ज्यूट लघुदिनी आहे. बंगालमध्ये तोसा ज्यूटचा जेआरओ ६३२ हा जुना वाण एप्रिलच्या मध्याआधी पेरला तर मार्चचे लहान दिवस त्याला फुलोऱ्याचा इशारा देत आणि रोप गुडघ्याएवढे असतानाच कळ्या धरी. शेतकऱ्याची निकड वेगळीच होती. ज्यूट जुलैमध्ये काढून त्याच रानात अमन भाताची लावणी व्हायची, तर पेरणी मार्चमध्ये हवी. हा पेच सुदान ग्रीन या परदेशी नमुन्याने सोडवला. त्याच्या संकरांतून जेआरओ ८७८ (१९६७), जेआरओ ७८३५ (१९७१) आणि जेआरओ ५२४ (१९७७) हे वाण आले. मार्चच्या मध्यात पेरले तरी ते अवेळी फुलत नाहीत. ‘नवीन’ या नावाने ओळखला जाणारा जेआरओ ५२४ पुढे कित्येक दशके ज्यूटच्या शेतीवर वरचढ राहिला.

या वाणांना काही लेखनात सरसकट ‘दिनमान-असंवेदनशील’ म्हटले जाते. हे वर्गीकरण तपासून पाहता टिकत नाही. जून-जुलैत पेरलेला जेआरओ ५२४ सप्टेंबरचे दिवस लहान होताच नियमाने फुलतो. त्याची संवेदनशीलता गेलेली नाही. फुलण्यासाठी लागणारी अट तेवढी कडक झाली आहे. हा शब्दच्छल नव्हे. बंगालच्या ज्यूटसाठी लागणारे बी मोठ्या प्रमाणात महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या राज्यांत घेतले जात आले आहे. पावसाळ्यात उशिरा पेरायचे, लहान दिवसांत फुलवायचे, कोरड्या हवेत बी पिकवायचे, हा सारा व्यवहार दिनमान-संवेदनशीलतेवर उभा आहे. एकाच वाणाने एका प्रांतात न फुलता तंतू द्यायचा आणि दुसऱ्या प्रांतात फुलून बी द्यायचे, हे दिनमानाशी नाते राखूनच शक्य होते. ते नाते पूर्ण तुटले आणि पीक दिनमानाची पर्वा न करता ठरावीक वयाला फुलू लागले, तर तंतू घटेल. फुलणेच लांबले, तर बियाण्याची वानवा होईल.

अंबाडीची गोष्ट मराठवाडा-विदर्भात वेगळी सांगावी लागत नाही. बांधाकडेने मृगात टाकलेली अंबाडी पावसाळाभर वाढते आणि दिनमान साडेबारा तासांच्या खाली उतरू लागले, म्हणजे आपल्या अक्षांशावर सप्टेंबर उजाडला, की फुलोऱ्याकडे वळते. मग कापून, पेंढ्या बांधून, पाण्यात भिजत घालून वाख काढायचा आणि दोर वळायचे. हीच अंबाडी जानेवारीत पेरली तर वीतभर वाढून फुलते. फ्लोरिडात विकसित झालेल्या एव्हरग्लेड्स ४१ आणि एव्हरग्लेड्स ७१ या वाणांनीही दिनमानाची साथ सोडली नाही. उशिरा फुलणे हाच त्यांचा गुण. वाढीचे दिवस लांबवणारी संवेदनशीलता हीच खोडतंतूची मिळकत आहे.

भांगेबाबत फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती हेच अधिक ठसठशीतपणे दाखवते. दक्षिणेकडचा वाण उत्तरेला नेला की तो उशिरा फुलतो आणि खोडाचे उत्पन्न वाढते, ही युरोपातील जुनी क्लृप्ती. नेदरलँड्समध्ये व्हॅन डर वेर्फ आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम प्रकाशाने दिवस चोवीस तासांचा करून भांगेचा फुलोरा रोखला, तेव्हा खोडाचे वजन वाढले. तो प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. उलटपक्षी खऱ्या अर्थाने दिनमान-निरपेक्ष असलेले भांगेचे प्रकार बुटके, लवकर येणारे आणि बियांसाठी अथवा फुलांसाठी सोयीचे आहेत. कॉर्नेल विद्यापीठातील गटाने २०२२ मध्ये या गुणाचे गुणसूत्रावरील स्थान निश्चित केले. २०२४ मध्ये दिनमान-संवेदनशीलता हरपण्याचा संबंध एका घड्याळ-जनुकातील बिघाडाशी जोडला गेला. संशोधन उत्तम आहे, पण त्याचा धनी तंतू नव्हे. ‘तंतुपिकांतील दिनमान-निरपेक्षता’ या शीर्षकाखाली भांगेचे हे काम कापसाच्या शेजारी ठेवणे म्हणजे नावसाधर्म्यावरून सोयरीक जुळवणे होय.

विदर्भातील प्रश्न :

कापसाकडे पुन्हा वळताना महाराष्ट्रातील परिस्थिती मिसिसिपीपेक्षा वेगळी आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. नागपूरला जूनमध्ये दिनमान सुमारे १३ तास २५ मिनिटे आणि डिसेंबरमध्ये सुमारे १० तास ५० मिनिटे असते. पिकाचा शेवट येथे हिमतुषार करीत नाही, जमिनीतील ओल करते. परतीचा पाऊस संपला की कोरडवाहू काळ्या रानात झाडाकडे मोजके आठवडे उरतात. म्हणून येथे दिनमान-निरपेक्षतेचे मोल फूल येण्यात नाही, ते लवकर आणि एकगठ्ठा येण्यात आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. दिनमान-निरपेक्ष झाड केव्हाही फुलू शकते. याचाच दुसरा अर्थ, ते केव्हाही थांबत नाही.

ओलिताखाली, खताच्या मात्रेवर, दीर्घ मुदतीचे संकरित बीटी वाण जानेवारीच्या पुढेही पात्या-फुले धरीत राहतात आणि शेतकरी फरदड घेतो. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार केला, त्याचे मुख्य कारण अळीत निर्माण झालेली बीटी प्रथिनांविरुद्धची प्रतिकारक्षमता हे होते. मात्र त्या अळीला वर्षातील अधिकाधिक महिने बोंडे उपलब्ध करून देण्याचे काम लांबलेल्या फुलोऱ्याने केले. गंमत अशी की अळीने दिनमान पाहणे सोडलेले नाही : आखूड होणारे दिवस आणि उतरते तापमान यांच्या संकेतावर ती सुप्तावस्थेत जाते. पीक पंचांग विसरले आहे, कीड विसरलेली नाही. डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये, हा कृषी खात्याचा सल्ला म्हणजे झाडातून काढून टाकलेली मर्यादा शेतकऱ्यावर बाहेरून लादणे होय. जादा वेचणीतून येणारे चार पैसे ज्याच्या कर्जाच्या हप्त्याला लागतात, त्याने ती का पाळावी याचे उत्तर प्रजननशास्त्राने अद्याप पुरते दिलेले नाही. दाट लागवडीसाठी कमी मुदतीचे, आटोपशीर ठेवणीचे सरळ वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पुढे आणले ते या दिशेने आहेत; त्यांचा भर दिनमानावर नसून मुदतीवर आहे, आणि तो योग्य आहे.

या अक्षांशाचा एक लाभ मात्र पुरेसा हिशेबात घेतला गेलेला नाही. मिसिसिपीत जे रानटी वंश रूपांतराशिवाय शेतात फुलतच नाहीत, ते मध्य भारतात ऑक्टोबरनंतर, थंडीने मरण्याची भीती नसताना, आपल्या मूळ स्वभावानुसार फुलू शकतात. येथे मूळ नमुन्याशी थेट संकर करता येतो. लागवडीच्या वाणाची पेरणी उशिरा केली की दोहोंचा फुलोरा एकाच वेळी जुळतो, आणि निवडीची पहिली चाळणी फुलण्याची न लावता सूत्रकृमी, रसशोषक किडी किंवा तंतूची मजबुती यांची लावता येते. संततीतील उशिरा फुलणारी झाडे पहिल्याच पिढीत उपटून टाकण्याची घाई न करता ती हिवाळ्यापर्यंत राखणे, एवढीच शिस्त त्यासाठी लागते.